10यू बेसबॉल टीम डबल-एमध्ये ठेवावी की ट्रिपल-एमध्ये न्यावी?

अमेरिकेतल्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा 10यू (दहा वर्षं आणि त्याखालच्या गटाच्या) ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे ठिकठिकाणी टुर्नामेंट खेळणाऱ्या टीममध्ये खेळतो आणि वडील त्याच टीमचे असिस्टंट कोच आहेत. गेला मोसमभर टीम डबल-ए वर्गात होती आणि फॉलमध्ये (शरद ऋतूत) तिने दोन टुर्नामेंट जिंकल्या. त्या जोरावर एका पायरीने वरच्या वर्गाची, ट्रिपल-ए टुर्नामेंट खेळून पाहिली. पहिल्या नंबरचा पिचर (बॉल टाकणारा) होता ती पहिली मॅच 6-5 अशी हरले, नंतरच्या दोन 14-2 आणि 11-3. आता पालकांमध्ये दोन तट पडलेत. काहींना वाटतं, चांगल्यांशी खेळल्याशिवाय मुलं सुधारणार कशी? बाकीचे म्हणतात, दहा वर्षांच्या पोरांना दर वीकेंडला मार खायला कशाला न्यायचं? स्प्रिंगसाठी नाव कुठे नोंदवावं? आणि वर गेल्यावर जमलं नाही तर खाली येता येतं का?

सुरुवात डबल-एमध्येच करा आणि मे महिन्यात पुन्हा विचार करा, हे माझं उत्तर. पण हा प्रश्न तुम्हाला पुढची तीन-चार वर्षं दर मोसमाला पडणार आहे, तेव्हा तो सोडवायचा कसा हे सांगणं जास्त उपयोगाचं. मी आधी बरीच वर्षं कोचिंग केलं आणि आता टुर्नामेंटचे ब्रॅकेट, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी याचे तक्ते लावतो. त्यामुळे पालकांची तक्रारही ऐकतो आणि डायरेक्टरच्या टेबलामागे बसून टीम कशा दिसतात तेही पाहतो.

तुमचे तीन स्कोअर पुन्हा बघा. 6-5च्या मॅचला तुमचा पहिल्या नंबरचा पिचर होता, असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या दोन मॅचना तो नव्हता. म्हणजे तुमची टीम ट्रिपल-एची आहे खरी, पण फक्त शनिवारी सकाळी.

आपल्यापैकी बरेच जण क्रिकेट बघत मोठे झालो, आणि इथेच अंदाज चुकतो. क्रिकेटमध्ये एक बोलर सलग दोन ओव्हर टाकू शकत नाही. टी-ट्वेंटीत त्याला चारच ओव्हर मिळतात, वनडेत दहा. बाकीच्या बोलर्सची लायकी पहिल्या तासातच उघडी पडते. बेसबॉलमध्ये एकच पोरगा चार-चार इनिंग (एका इनिंगमध्ये समोरच्या टीमचे तीन आउट) टाकतो, आणि तो चांगला असला तर बाकीची टीम त्याच्यामागे झाकली जाते. फॉलमध्ये तुम्ही ज्या दोन टुर्नामेंट जिंकलात, त्यांच्या स्कोअरबुकात फायनलला कोण पिचिंग करत होतं ते बघा. बहुधा तोच मुलगा सापडेल.

आता वीकेंडचा हिशेब मांडू. शनिवारी पूलच्या, म्हणजे सुरुवातीच्या गटातल्या दोन मॅच, रविवारी जिंकत गेलात तर तीन, म्हणजे एकूण पाच. वेळेची मर्यादा असल्यामुळे 10यूची मॅच बहुतेक वेळा चार-पाच इनिंगमध्ये संपते. म्हणजे वीस ते पंचवीस इनिंग. या वयात एका इनिंगला वीसेक पिच (पिचरने बॅटरला टाकलेला एकेक बॉल) धरल्या तर चारशेच्या वर पिच झाल्या. गावोगावच्या मुलांच्या लीग चालवणाऱ्या लिटल लीग या संस्थेच्या नियमात नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 75 पिचची मर्यादा आहे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 साली आणलेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शनातही तोच आकडा आहे. लिटल लीगमध्ये 66च्या वर पिच टाकल्या तर चार दिवस विश्रांती लागते, आणि 21 ते 35 टाकल्या तरी एक दिवस. म्हणजे ज्याने शनिवारी 20च्या वर पिच टाकल्या, त्याला रविवारी बॉल द्यायचा नाही. करा गणित: पाच मॅच पार पाडायला पाच ते सहा मुलं पिचिंग करणारी हवीत. दोन पिचरच्या टीमला ते झेपणार नाही.

ट्रॅव्हल टुर्नामेंटमध्ये पुष्कळ ठिकाणी पिच मोजतच नाहीत, इनिंग मोजतात. मग कोच म्हणतात, नियमात बसतंय, टाकू दे. तीन इनिंगमध्ये तीस पिच होऊ शकतात आणि ऐंशीही. खांद्याला इनिंग कळत नाही. नियम काहीही असो, तुम्ही तुमच्या मुलांच्या पिच मोजा आणि विश्रांतीचे दिवस पाळा. आणि हे पाळून जी टीम उरते, तीच तुमची खरी टीम. तिचा दर्जा बघून डिव्हिजन ठरवा.

म्हणून नवी टीम कुठे टाकायची असं कोणी विचारलं की मी पहिला प्रश्न करतो, ‘तुमचा तिसरा पिचर कोण?’ उत्तर द्यायला कोचला विचार करावा लागला तर टीम आहे तिथेच राहू द्यावी. आणि दुसरा प्रश्न, ‘कॅचर (बॅटरमागे बसून बॉल पकडणारे) किती आहेत?’ लिटल लीगच्या नियमाने एका दिवसात 41 पिच टाकलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा कॅचर होऊ शकत नाही, आणि चार इनिंग कॅचर राहिलेला पिचर होऊ शकत नाही. नियम लागू असो वा नसो, त्यामागचं कारण लागू आहेच. पण दहा वर्षांच्या टीममध्ये सगळ्यात चांगला हात असलेली दोनच पोरं असतात, आणि तीच आलटून पालटून दोन्ही कामं करतात. एक दमला की दोन जागा रिकाम्या होतात.

आता थोडं डबल-ए, ट्रिपल-ए या अक्षरांबद्दल, कारण त्यांना गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. यू-ट्रिपल-एस-ए (USSSA) या टुर्नामेंट घेणाऱ्या संस्थेत सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मेजर अशी चढती भाजणी आहे. इतर संस्थांचीही रचना थोड्या फार फरकाने अशीच असते. नावं व्यावसायिक मायनर लीगवरून घेतलेली, पण अर्थ तेवढा पक्का नाही. सुरुवातीला टीम आपला वर्ग स्वतःच सांगते. मग मोसमात पॉइंट्स साठतात, निकाल दिसू लागतात, आणि डायरेक्टर टीमला वर ढकलू शकतो. टेक्सास, फ्लॉरिडा, जॉर्जिया अशा उबदार राज्यांत मुलं जवळजवळ वर्षभर मैदानावर असतात. मिनेसोटात स्प्रिंग उजाडेपर्यंत जिममध्ये जाळ्यात बॅटिंग चालते. दोन्हीकडची ट्रिपल-ए टीम एकसारखी कशी असेल? एकाच राज्यातही ईस्टरच्या वीकेंडला आलेल्या सहा टीमची ट्रिपल-ए आणि राज्य अजिंक्यपदाची ट्रिपल-ए यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. कधी नोंदणीच कमी झाली तर डायरेक्टर डबल-ए आणि ट्रिपल-ए एकत्र करतो. त्यामुळे तुमची ती एक टुर्नामेंट ‘ट्रिपल-ए’ होती एवढ्यावर काही ठरत नाही. समोर कोण होतं? ज्यांनी 14-2 केलं ती टीम त्या मोसमात आणखी कोणाशी कशी खेळली? दहा मिनिटं निकाल चाळले की कळतं.

तुमच्या गावच्या रेक (हौशी) लीगमध्ये किंवा लिटल लीगमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे एका हद्दीतली मुलं ट्रायआउट देतात आणि ड्राफ्टमध्ये कोच त्यांना वाटून घेतात. सगळ्या टीम शक्य तितक्या सारख्या व्हाव्यात हाच हेतू असतो. ट्रॅव्हलमध्ये प्रत्येक कोच मिळतील तितकी चांगली मुलं गोळा करतो. टीम मुळातच असमान असतात आणि ती असमानता नंतर डिव्हिजन पाडून निस्तरावी लागते. हे एकदा ध्यानात घेतलं की डिव्हिजन बदलणं मानापमानाचं राहत नाही.

आता स्कोअरबुक. पालक बॅटिंग अ‍ॅव्हरेज बघतात, मी ते शेवटी बघतो. कमकुवत पिचिंगसमोर सगळ्यांचंच अ‍ॅव्हरेज छान दिसतं, आणि या वयात फील्डरच्या हातून सुटलेला बॉल स्कोअर लिहिणारी आई ‘हिट’ म्हणून लिहिते. (लिहू दे. पण त्यावर निर्णय नको.)

माझी नजर आधी वॉकवर जाते, म्हणजे पिचरचे चार बॉल बाहेर गेले की बॅटरला फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसवर. 10यूमध्ये वॉक म्हणजे नुसता एक बेस नसतो. यू-ट्रिपल-एस-एमध्ये या वयाला पिचरचं अंतर 46 फूट आणि बेसमधलं 65 फूट असतं, आणि रनरला लीड घेता येते, म्हणजे पिच सुटायच्या आधीच बेसपासून पुढे सरकता येतं. लिटल लीगच्या छोट्या मैदानावर बॉल बॅटरपर्यंत पोचेपर्यंत बेस सोडता येत नाही, त्यामुळे तिथून आलेल्या टीमला पहिला धक्का इथेच बसतो. 65 फुटांच्या चौकोनाचा कर्ण, म्हणजे कॅचरपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर, जवळपास 92 फूट. दहा वर्षांच्या कॅचरने बॉल पकडून, उठून, 92 फूट सरळ फेकायचा, तोवर लीड घेतलेला रनर निम्म्यापलीकडे गेलेला असतो. म्हणून वॉक झाला की दुसरी पिच, स्टील, म्हणजे रनर पळून पुढचा बेस घेतो. आणखी दोन पिच, तिसरा बेस. मग एक बॉल कॅचरच्या मागे गेला की रन. एकही हिट न होता. डबल-एमध्ये हे दोन्ही टीम करतात, म्हणून बरोबरी होते. ट्रिपल-एमध्ये समोरचा कॅचर तुमच्या दोघा-तिघांना आउट करतो आणि त्यांचे रनर मात्र तुमच्याकडे मोकळे पळतात. 14-2 स्कोअर बऱ्याचदा असा होतो.

माझे ढोबळ निकष सांगतो. अनुभवातून आलेले आहेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत. पहिल्या दोन पिचरच्या शंभरातल्या साठ पिच स्ट्राइक असाव्यात, म्हणजे बॅटरच्या आवाक्यातून गेलेल्या किंवा त्याने बॅट फिरवलेल्या (अशा तीन झाल्या की तो आउट). तिसऱ्या-चौथ्याच्या निम्म्याहून जास्त. पूर्ण वीकेंडचे वॉक आणि हिट-बाय-पिच (बॉल अंगाला लागून मिळालेले बेस) मिळून सरासरी इनिंगला एकाच्या आत राहत असतील तर टीम वर जायला तयार होतेय. दीड-दोनच्या वर असतील तर वरच्या डिव्हिजनमध्ये मुलं बेसबॉल शिकणार नाहीत. आउटफिल्डमध्ये उभी राहून चार नंबरच्या बॉलची वाट बघतील. बॅटिंगमध्ये एकच गोष्ट मोजा: दोन स्ट्राइक झाल्यावर किती वेळा बॉल बॅटला लागला. हिट झाला की आउट, ते सोडा.

फील्डिंगमध्ये डायव्ह मारून पकडलेला कॅच मोजू नका. सरळ शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे) जमिनीवरून आलेला बॉल, तो उचलून फर्स्टला थ्रो, आणि फर्स्ट बेसमनने तो पकडणं. असे दहा आले तर किती आउट झाले? हा आकडा डबल-ए आणि ट्रिपल-ए वेगळे करतो. मेजरमध्ये तर तो चुकणं हीच बातमी असते.

हरलेल्या मॅचचा आकडा वाचायलाही जरा शिकावं लागतं. 14-2 कसे झाले? एका इनिंगमध्ये सहा वॉक आणि नऊ रन, बाकी इनिंग ठीक, असं असेल तर ती पिचरची उणीव आहे आणि दोन महिन्यांत भरून निघू शकते. प्रत्येक इनिंगमध्ये तीन-चार कडक हिट, तुमची मुलं मात्र बॅट फिरवून परत, असं असेल तर टीम खरोखर एका पायरीने खाली आहे. शिवाय मॅच किती इनिंग चालली तेही बघा. लिटल लीगमध्ये चार इनिंगनंतर दहा रनचा फरक झाला की मॅच थांबवतात, आणि ट्रॅव्हल टुर्नामेंटचे आपापले असेच नियम असतात. आकडा दहा-बाराचा दिसतो, पण मॅच चालूच राहिली असती तर वीसचा झाला असता का, हे तिथे उभ्या असलेल्या कोचला माहीत असतं. त्याने स्वतःशी खरं बोलावं.

जिंकण्याचं प्रमाण किती असावं? एक तृतीयांशपेक्षा कमी मॅच जिंकत असाल तर खाली बघा, दोन तृतीयांशपेक्षा जास्त जिंकत असाल तर वर. पण त्याहून मला जास्त पटणारं माप असं: शेवटच्या इनिंगला सुरुवात होताना किती मॅच अजून कोणाच्याही होऊ शकत होत्या? निम्म्या तरी असाव्यात. अशा मॅचमध्येच मुलाला रनर थर्डवर असताना पिच टाकायला मिळते, बंट करावा लागतो, कट-ऑफ थ्रो चुकला तर किंमत मोजावी लागते. 12-0 जिंकताना यातलं काही घडत नाही, आणि 0-12 हरतानाही नाही.

‘चांगल्यांशी खेळल्याशिवाय सुधारणार कशी’ म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण त्यांनी बारा जणांच्या टीममधल्या अकराव्या नंबरच्या मुलाकडे बघावं. वरच्या डिव्हिजनची बाजू मांडणारे बहुतेक वेळा पहिल्या चार मुलांचे पालक असतात. साहजिकच आहे, त्यांची मुलं तिथे खेळू शकतात. ताशी 50 मैल वेगाचा बॉल 46 फूट पार करायला साधारण 0.63 सेकंद घेतो, 60 मैलाचा 0.52. पिचरचा हात पुढे येतो तेवढं अंतर कमी, पण फरक तोच, एक दशांश सेकंद. पहिल्या चारांना तो फरक आव्हान वाटतो. अकराव्याला बॉल दिसेपर्यंत ग्लोव्हमध्ये गेलेला असतो. तीन वीकेंड असे गेले की तो पिच सुटायच्या आधीच मागे सरकू लागतो, आणि ती सवय काढायला पूर्ण हिवाळा जातो. ज्या चौघांना वरची पातळी हवीच आहे, त्यांना अधूनमधून वरच्या टीमकडून गेस्ट प्लेयर म्हणून खेळू द्या. त्यासाठी बाकी आठ जणांना ओढत न्यायची गरज नाही. फक्त त्यांच्या पिच दोन्हीकडच्या मिळून मोजा. तिकडच्या कोचला तुमचा शनिवार माहीत नसतो.

याउलट दुसऱ्या तटाचं. तयार झालेली टीम ट्रॉफीसाठी खाली ठेवणं याला इथे सँडबॅगिंग म्हणतात, आणि ते लपून राहतं अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाका. ब्रॅकेट लावताना मी जिंकण्याची टक्केवारी बघतच नाही. दोन टीमचे समान प्रतिस्पर्धी शोधतो आणि त्यांच्याशी कोण किती फरकाने खेळलं ते बघतो. पूलमध्ये 15-0, 13-1 आणि फायनलमध्ये 12-2 करणारी टीम पुढच्या नोंदणीला डबल-ए लिहून आली तर मी फोन उचलतो. काही कोच हुशारी करतात, मोठी आघाडी झाली की मुलांना मुद्दाम बेसवर थांबवतात, स्कोअर साधा दिसावा म्हणून. तेही कळतं, कारण हरलेल्या टीमचा कोच येऊन सांगतो. तुमची टीम त्यात मोडत नाही. फॉलच्या दोन टुर्नामेंट म्हणजे सँडबॅगिंग नव्हे. पण स्प्रिंगमध्ये पहिल्या तीन डबल-ए टुर्नामेंट तुम्ही आरामात जिंकल्या आणि तरी तिथेच राहिलात, तर मग ते नाव लागेल.

वयाचं एक प्रकरण आहे, ते कोणी नीट बघत नाही. यू-ट्रिपल-एस-एमध्ये मुलाचं वय 30 एप्रिलला किती ते धरतात. लिटल लीगमध्ये 31 ऑगस्टला. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेला मुलगा ट्रॅव्हलमध्ये आपल्या गटातला सगळ्यात मोठा आणि एप्रिलचा सगळ्यात लहान. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा भाग. हा परिणाम पुढेही टिकतो. लिटल लीगचा कट-ऑफ कितीतरी वर्षं जुलैअखेर होता, आणि मेजर लीगमधल्या अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूंमध्ये ऑगस्टमध्ये जन्मलेले जुलैवाल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले आहेत. तुमच्या बारा मुलांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा. बरीचशी मे ते ऑगस्टमधली असतील तर तुमच्या विजयांत थोडा वाटा उंचीचा आहे, तो वजा करून विचार करा. बरीचशी फेब्रुवारी ते एप्रिलमधली असतील तर 14-2ने खचू नका, ही टीम 12यूला वेगळीच दिसेल.

यावरून काहींना सुचतं की वर्ग बदलण्याऐवजी 11यूमध्ये खेळू, पण डबल-एमध्येच. हे मला बहुतेक वेळा पटत नाही. 11यूला मैदानच बदलतं. पिचर 50 फुटांवर जातो, बेस 70 फूट होतात, दुसऱ्या बेसचा थ्रो 99 फुटांचा होतो. तुमचा तो एकमेव पिचर चार फूट मागे गेला की त्याच्या स्ट्राइक आधी कमी होतात आणि मग तो जोर लावायला लागतो. ज्या टीमकडे पिचर कमी आहेत तिने लांबच्या मैदानावर जाणं म्हणजे दुखण्यावर दुखणं. अपवाद एकच. वर्षाच्या शेवटी, ऑगस्टपासूनच्या फॉलमध्ये, तशीही मुलं पुढच्या वयोगटात जातात. तेव्हा जा. 13यूला 54 आणि 80 फूट, मग 14यूला 60 आणि 90. प्रत्येक बदलाच्या वर्षी टीमची पातळी नव्याने ठरवावी लागते, जुनी ट्रॉफी दाखवून चालत नाही. 10यूमध्ये केवळ अंगाने मोठी म्हणून मेजर खेळलेल्या टीम 13यूला कशा होतात, हे एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

(लिटल लीगमधून नुकत्याच आलेल्या मुलांसाठी एक बारीक सूचना. तिथे 2018पासून यूएसए बॅटचा शिक्का लागतो, यू-ट्रिपल-एस-एच्या बॅट वेगळ्या आणि बॉल त्यांवरून जास्त जोरात निघतो. थर्ड बेसमनला हे आधी सांगा. पालकांनाही, कारण बॅट स्वस्त नसतात.)

आता तुमच्या स्प्रिंगकडे येतो. पहिल्या दोन टुर्नामेंट डबल-ए. पण नियम असा घाला की पूलच्या दोन मॅचमध्ये पहिला पिचर सुरुवात करणार नाही. तिसरा आणि चौथा करतील. यात पूलमधली एखादी मॅच जाईल, सीड (पुढच्या फेरीतला क्रमांक) खाली जाईल, एखादा बाप कुरकुरेल. जाऊ द्या. त्या चार मॅचमधून जी माहिती मिळेल ती फॉलच्या दोन ट्रॉफींनी दिलेली नाही. त्यानंतर अशी टुर्नामेंट शोधा जिथे पूल संपल्यावर गोल्ड (वरच्या टीमचा) आणि सिल्व्हर (खालच्या टीमचा) असे दोन ब्रॅकेट पाडतात. कुंपणावरच्या टीमसाठी याहून चांगली सोय नाही. शनिवारी सगळ्यांशी खेळून होतं आणि रविवारी तुम्ही आपोआप आपल्या जोडीच्या टीमसमोर येता. तिथे गोल्डमध्ये पोचलात आणि रविवारची मॅच चार-पाच रनच्या आत राहिली, तर मे-जूनमध्ये ट्रिपल-ए. सिल्व्हरमध्ये गेलात तर मोसमभर डबल-ए, आणि पुढचा विचार फॉलमध्ये.

वर गेल्यावर जमलं नाही तर खाली येता येतं का, असं तुम्ही विचारलंय. येतं, पण वर जाण्यापेक्षा अवघड. वर जायला कोणी हरकत घेत नाही. खाली येणाऱ्या टीमकडे बाकीचे कोच संशयाने बघतात, आणि डायरेक्टरला त्यांना उत्तर द्यावं लागतं. म्हणून त्याला पुरावा द्या. चार ओळींची मेल पुरते: शेवटच्या आठ-दहा मॅचचे स्कोअर, कोणाशी, कुठल्या डिव्हिजनमध्ये, आणि रोस्टरमध्ये कोणी नवीन आलं-गेलं का. ‘आमची मुलं खचली आहेत’ हे वाक्य प्रत्येक मेलमध्ये असतं, त्याने काही होत नाही. स्कोअरने होतं. नोंदणी उघडताच पाठवा, ब्रॅकेट लागल्यावर नको. एकदा ब्रॅकेट लागला की एक टीम हलवायला चार टीमच्या वेळा बदलाव्या लागतात, आणि तेव्हा मीसुद्धा नाहीच म्हणतो. मेलमध्ये एक प्रश्नही विचारा: या डिव्हिजनमध्ये आतापर्यंत कोण कोण आलंय, आणि टीम कमी पडल्या तर तुम्ही कोणाबरोबर एकत्र करणार? डायरेक्टर याचं उत्तर देतो. फार थोडे कोच विचारतात.

पालकांची मीटिंग पहिल्या टुर्नामेंटच्या आधी घ्या, हरल्यावर पार्किंग लॉटमध्ये नको. वर कधी जायचं आणि कधी नाही, ते आकडे आधीच सांगून टाका: तिसऱ्या पिचरच्या स्ट्राइक, इनिंगमागे वॉक, शेवटच्या इनिंगपर्यंत जिवंत राहिलेल्या मॅच. हेड कोचचा स्वतःचा मुलगा पिचर असेल तर हे आकडे दुसऱ्या कोणीतरी लिहावेत. असिस्टंट कोच म्हणून ते काम तुम्ही घ्या.

आणि हिवाळ्यात, अजून वेळ आहे तोवर, दोन नवीन पिचर तयार करायला घ्या. सगळ्यात जोरात फेकणारे दोघे निवडू नका. कॅच खेळताना ज्याचा थ्रो दहातून आठ वेळा समोरच्याच्या छातीवर येतो तो मुलगा शोधा. बहुधा तो राइट फील्डमध्ये उभा असेल आणि त्याने कधी पिचिंग मागितलंही नसेल. आठवड्यातून दोनदा, थोड्याच पिच, अर्ध्या जोराने, आणि मोजायच्या फक्त स्ट्राइक. मार्चमध्ये तो मुलगा शनिवारच्या दुसऱ्या मॅचला तीन इनिंग काढू शकला, तर तुमच्या पालकांची निम्मी चर्चा आपोआप मिटेल.